व्हीआरएसचे ७८ लाख आणि सल्लागाराची ३५ हजार फी

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ५५, पिंपरीच्या कंपनीत ३१ वर्षं, आता व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेताय. व्हीआरएसचे ३४ लाख, पीएफ २९, ग्रॅच्युइटी १२ आणि रजेचे ३, सगळे मिळून ७८ लाख. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगा नोकरीला लागलाय, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घरखर्च महिन्याला ४५ हजार. बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर वर्षाला १० लाख असे १० वर्षं भरायचा 'गॅरंटीड' प्लॅन घेऊन मागे लागलाय, भाचा म्युच्युअल फंडाचं काम करतो तो म्हणतो मामा माझ्याकडे द्या, आणि मित्राने सुचवलेल्या एका सल्लागाराने ३५ हजार फी सांगितली. तर "नुसतं सांगायचे ३५ हजार?" हा तुमचा प्रश्न.

आधी हे सांगून टाकतो की मी स्वतः सेबीकडे (शेअर बाजार आणि गुंतवणुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेला सल्लागार आहे, फी घेऊनच काम करतो, तेव्हा माझं म्हणणं तो हिशेब धरूनच वाचा. तरीही माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांना मी सांगतो की तुम्हाला माझी गरज नाही. तिशीतला पगारदार माणूस, टर्म इन्शुरन्स आहे, मेडिक्लेम आहे, पीएफ कापला जातोय, दोन साध्या फंडांत एसआयपी (दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक) चालू आहे आणि मार्केट पडलं की तो ती बंद करत नाही, अशाने दरवर्षी फी कशाला भरायची? कधी शंका आली तर तासाभराचे पैसे देऊन विचारावं आणि मोकळं व्हावं.

तुमचं तसं नाही. आयुष्यभराची कमाई दोन-तीन महिन्यांत एकदम हातात येणार, पुढे पगार नाही, आणि घेतलेले काही निर्णय नंतर फिरवता येत नाहीत. माझ्या मते सल्लागार घ्यायची खरी वेळ हीच असते. व्हीआरएस, रिटायरमेंट, वडिलोपार्जित जमीन विकली, भूसंपादनाचा मोबदला आला, नवरा अचानक गेला आणि विम्याचे पैसे आले, परदेशातून कायमचं परत यायचं ठरलं. समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यात मोबदला आल्यावर काय काय झालं ते तिकडच्या लोकांना विचारा, दारात गाड्या आधी आल्या आणि पैशाचं नियोजन नंतर सुचलं, तेही उरलेल्या पैशाचं.

आता ७८ लाखांकडे बघू, कारण फी परवडते का हा प्रश्न त्यानंतरचा आहे. पहिली गोष्ट म्हणजे ते ७८ नाहीतच. नियमात बसणाऱ्या व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाखच करमुक्त असतात, बाकीचे २९ त्या वर्षीच्या पगारात धरले जातात. त्या वर्षाचा उरलेला पगार चार-पाच लाख धरला तर नव्या करप्रणालीतसुद्धा टॅक्स सहा लाखांच्या आसपास जातो, कंपनी तो टीडीएस म्हणून आधीच कापेल. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त, ती तुमची पूर्ण सुटते, रजेचे पैसेही सुटतात, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर पीएफवरही कर नाही. म्हणजे हातात पडणार ७२ च्या आसपास. शिवाय पैसे मार्चमध्ये मिळतात की एप्रिलमध्ये यानेही फरक पडतो, एप्रिलमध्ये मिळाले तर त्या वर्षी पगाराचं उत्पन्न जवळजवळ नसेल. कंपनी तारीख तुमच्या हातात देत असेल तर सही करण्याआधी सीएला विचारा. बँकेच्या माणसाने किंवा भाच्याने हे तुम्हाला सांगितलंय का? नसेल सांगितलं तर तो त्यांचा दोष नाही, त्यांचं कामच ते नाही.

दुसरी गोष्ट. ७२ लाख मोठे वाटतात पण तुम्ही ५५ चे आहात, वहिनी तुमच्यापेक्षा थोड्या लहान असतील, म्हणजे हा पैसा तीस वर्षं पुरवायचाय. महागाई ६ टक्के धरली तर आजचे ४५ हजार १२ वर्षांनी ९० हजार होतात, तेव्हा तुम्ही ६७ चे असाल आणि दवाखान्याचा खर्च तेव्हा कुठे सुरू होत असेल.

आता तुम्हाला सहज मिळणाऱ्या गोष्टींचा हिशेब. पोस्टाची किंवा बँकेतली सीनियर सिटिझन स्कीम ६० नंतरची असते असं सगळ्यांना वाटतं, पण व्हीआरएस घेतलेल्या माणसाला ५५ पासून ती उघडता येते, अट एवढीच की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत उघडायची. आधी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वाढवली. जास्तीत जास्त ३० लाख, दर सध्या ८.२ टक्के, म्हणजे तिमाहीला ६१,५०० रुपये. ही मुदत चुकली की ६० वर्षं पूर्ण होईपर्यंत दार बंद. माझ्याकडे व्हीआरएसवाले बहुतेक चार-सहा महिन्यांनी येतात, पैसे सेव्हिंग खात्यात पडलेले, आणि मग मला हे सांगावं लागतं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही. पोस्टाची मासिक योजना जोडीच्या नावाने १५ लाखांपर्यंत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला साधारण २९,७५०. खर्च ४५ हजार, म्हणजे १५ हजार कमी पडतात. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन ५८ ला सुरू होईल, आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होते, आणि ती काही हजारांचीच असते, त्यावर फार विसंबू नका.

म्हणजे ४५ लाख या दोन योजनांत गेले, मुलीच्या दोन-अडीच वर्षांच्या फीचे बाजूला काढले, पाचेक लाख अडीनडीला ठेवले की उरले १५-१६ लाख. तेवढ्यावर महिन्याची १५ हजारांची तूट भरून काढायची आणि महागाईलाही तोंड द्यायचं. नुसते काढत गेलात तर आठ-नऊ वर्षांत संपतात. मग इक्विटी (शेअर बाजारातली गुंतवणूक) किती, सीनियर सिटिझनमध्ये पूर्ण ३० टाकायचे की २०, पीएफ सगळा काढायचा की काही काळ तसाच ठेवायचा (नोकरी सुटल्यावरही तिथे काही वर्षं व्याज पडत राहतं, फक्त ते व्याज करपात्र असतं), तुम्ही आणखी तीन वर्षं कुठे छोटी नोकरी केलीत तर चित्र किती बदलतं, हे एकमेकांत अडकलेले प्रश्न आहेत. ३५ हजार असतात ते या कामाचे. 'कुठला फंड' हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, ते शेवटच्या अर्ध्या तासात होतं.

फ्लॅट घेताना वकिलाला टायटल सर्चचे (मालकीच्या तपासणीचे) पैसे देतोच ना आपण, तो फ्लॅट बांधत नाही आणि विकतही नाही, नुसतं सांगतो, तसंच हे.

आणि फुकट सल्ला फुकट नसतो हे एकदा आकड्यात बघा. १० लाख हप्त्याच्या पॉलिसीत पहिल्या वर्षीचं कमिशन लाखांत असू शकतं. ते तुम्हाला वेगळं द्यावं लागत नाही म्हणून दिसत नाही, इतकंच. पण कमिशनपेक्षा मोठा घोळ पुढे आहे. वर्षाला १० लाख, १० वर्षं, म्हणजे तुम्ही एक कोटी भरायचं कबूल करताय आणि तुमच्याकडे आहेत ७२ लाख! पगार बंद झालेल्या माणसाला हा प्लॅन दाखवणाऱ्याने एक तर गणित केलेलं नाही किंवा करूनही दाखवलाय. मधे हप्ते थांबले तर जी सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मधेच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम) मिळते ती ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलल्यामुळे आधीपेक्षा बरी आहे, पण तोटा होतोच. 'टॅक्स फ्री' म्हणून सांगितलं असेल तर तेही बरोबर नाही, १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीवरचा फायदा करपात्र होतो. मी तपासलेल्या असल्या प्लॅन्समध्ये बहुतेकदा हातात साडेपाच-सहा टक्केच पडतात, तुम्हाला हवं तर त्याने दिलेला तक्ता मुलाला एक्सेलमध्ये टाकायला सांगा, एक्सआयआरआर (वर्षाला खरा किती टक्के परतावा पडतो तो आकडा) काढायला पाच मिनिटं लागतात. चुकून सही होऊन पॉलिसी घरी आलीच तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. परत करताना लेखी द्या, पोच घ्या, आणि "सर, पुढच्या महिन्यात बघू ना" याला बळी पडू नका, पुढच्या महिन्यात ते ३० दिवस संपलेले असतात.

भाच्याचं वेगळं आहे. म्युच्युअल फंडाचा वितरक असणं काही वाईट नाही, चांगले वितरक मी खूप बघितलेत, काही तर माझ्यासारख्या फी घेणाऱ्यांपेक्षा लोकांना जास्त सांभाळतात. त्याच्याकडे ॲम्फीचा (म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेचा) एआरएन नंबर, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक असतो, त्याच्यामार्फत घेतलेला फंड रेग्युलर प्लॅन असतो आणि त्यातून त्याला पैसे फंडात असेपर्यंत दरवर्षी कमिशन (ट्रेल) मिळतं. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत, त्यात हे कमिशन नसतं. इक्विटी फंडात दोन्हींतला फरक साधारण अर्धा ते एक टक्का. १५ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ११ हजारांच्या आसपास, आणि रक्कम वाढेल तसं वाढत जाणार. त्या पैशात तो वर्षातून दोनदा बसून हिशेब दाखवत असेल, कागदपत्रं बघत असेल, मार्केट पडल्यावर फोन उचलत असेल तर तो व्यवहार वाजवी आहे. पण तुमचे ४५ लाख पोस्टात आणि बँकेत टाका हे त्याने सांगावं ही अपेक्षा चुकीची, कारण त्यावर त्याला शून्य मिळतं. माणूस वाईट नसतो हो, पण कमाई जिकडून येते तिकडे सल्ला झुकतो. नात्यात नाही म्हणणं जड जातं हे मला कळतं, बहिणीपर्यंत विषय जातो. त्याला सरळ सांगा की आधी सल्लागाराकडून आराखडा करून घेतोय, त्यात फंडाचा जो भाग निघेल त्यातला थोडा तुझ्याकडे देईन. चांगला असेल तर तो याला वाईट मानणार नाही.

आता सल्लागार कसा पारखायचा. सेबीचे गुंतवणूक सल्लागारांसाठीचे नियम २०१३ चे आहेत आणि २०२० मध्ये ते कडक झाले, त्यात महत्त्वाचं हे की एकाच कुटुंबाला सल्ल्याची फी लावायची आणि त्याच कुटुंबाला कमिशनवाला फंडही विकायचा असं दोन्ही करता येत नाही. नोंदणी क्रमांक आयएनए अक्षरांनी सुरू होतो, सेबीच्या वेबसाइटवर नाव आणि नंबर दोन्ही जुळवून बघा, कारण दुसऱ्याचा खरा नंबर छापून फसवणारेही आहेत. आयएनएच असेल तर तो रिसर्च ॲनालिस्ट, शेअर सुचवणारा, तुमचं काम त्याचं नाही. असे नोंदणीकृत सल्लागार अख्ख्या देशात हजाराच्या आसपासच आहेत, त्यामुळे पिंपरीतच मिळेल असा हट्ट धरू नका, व्हिडिओ कॉलवर काम नीट होतं, मात्र वहिनींना कळेल अशा भाषेत बोलणारा बघा. त्या मीटिंगला त्यांना बसवाच. तुमच्यानंतर हे सगळं त्यांनाच बघायचंय, आणि माझा अनुभव असा की खर्चाचा खरा आकडा घरातल्या बाईकडूनच कळतो, ४५ म्हणता म्हणता तो ५८ निघतो.

फी कुटुंबामागे ठरलेली रक्कम असेल तर वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार, किंवा मग सल्ल्याखालच्या रकमेच्या अडीच टक्क्यांपर्यंत. टक्केवारीवाला तुम्ही घेऊच नका. १ टक्का जरी म्हटला तरी ७२ लाखांवर ७२ हजार दरवर्षी होतात, आणि त्यातले ४५ लाख तर पोस्टात आणि बँकेत नुसते पडून असणार, त्यावर फी कसली? ठरलेली रक्कम घेणारा बरा. ३५ हजार हे तुमच्यासारख्या कामाला माझ्या बघण्यातल्या दरांमध्ये मधलेच आहेत, फक्त त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का ते आधीच विचारून घ्या. पैसे बँकेतून द्यायचे, रोख नाही, आणि एक वर्षापेक्षा जास्त आगाऊ मागितले तर ते नियमाबाहेर आहे. करारावर सही झाल्याशिवाय फी द्यायची नाही.

पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला काय विचारलं याकडे लक्ष ठेवा, त्याने काय सांगितलं ते सोडून द्या. खर्च, आजारपण, मुलीच्या लग्नाचा विचार, गावच्या जमिनीत हिस्सा आहे का, कोणाला उसने दिलेत का, कंपनीचा मेडिक्लेम सुटल्यावर काय, हे न विचारता जो थेट फंडांच्या नावावर आला त्याला चहा पाजून निरोप द्या. (मेडिक्लेमचं सल्लागार मिळेपर्यंत थांबू नका. नोकरीत असतानाच कंपनीच्या विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का ते विचारा, म्हणजे जुन्या आजारांच्या प्रतीक्षा काळाचं श्रेय मिळायची शक्यता असते. ५५ ला शुगर-बीपी घेऊन नव्याने पॉलिसी मिळवणं म्हणजे काय ते कळेलच.) पुढे त्याला विचारा की मार्च २०२० मध्ये तुम्ही क्लायंटना काय लिहून पाठवलं होतं, तो मेल दाखवा, नावं झाकून. तेव्हा दोन-अडीच महिन्यांत निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक) वरून जवळपास ४० टक्के खाली आला होता आणि नोव्हेंबरपर्यंत परत वर गेला. मार्चअखेरीला ज्यांनी घाबरून सगळं काढलं त्यांचा तोटा कायमचा झाला. खरं सांगायचं तर सल्लागाराची बरीचशी फी अशा एखाद्या महिन्यातच वसूल होते, बाकी काळ तो तुम्हाला थोडा निरुपयोगीच वाटेल.

रिटर्नची खात्री देणारा, ओटीपी किंवा पासवर्ड मागणारा, "पैसे माझ्या खात्यात टाका मी लावतो" म्हणणारा, नोंदणी असो वा नसो, तिथून उठायचं. व्हीआरएसची यादी लागली की कंपनीच्या गेटबाहेर असली माणसं जमतात हे तुम्हाला मी सांगायला नको. दादरच्या टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानात दर आठवड्याला पैसे मिळतात म्हणून लोकांनी रांगा लावल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये शटर खाली आलं, त्यात भाजीवाले होते तसे शिकलेलेही होते.

सल्लागार ठरेपर्यंत पैसे मोठ्या बँकेत छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवा, सहकारी बँकेत जास्त व्याज मिळतं म्हणून सगळं तिथे नको, ठेव विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे. फक्त ती ३ महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, सीनियर सिटिझन स्कीमसाठी कंपनीचं निवृत्तीचं पत्र आणि मिळालेल्या रकमांचा तपशील लागतो, तो शेवटच्या दिवशीच एचआरकडून घेऊन या, नंतर त्याच एचआरच्या मागे फिरावं लागतं.

३५ हजार द्यायचे ठरवलेत तर त्यात काय मिळणार ते लेखी घ्या: वर्षनिहाय उत्पन्न-खर्चाचा तक्ता, कुठले पैसे कोणाच्या नावावर, दर महिन्याला कुठून किती काढायचे, मृत्युपत्र आणि नॉमिनेशनची यादी, आणि अंमलबजावणी होईपर्यंत सोबत. वर्ष झाल्यावर तो रिन्यूअल मागेल. तेव्हा सगळं मार्गी लागलेलं असेल तर पूर्ण फी देऊ नका, वर्षातून एकदा तपासणी करायचे आठ-दहा हजार घ्या म्हणावं, बरेचजण तयार होतात, आणि नाही म्हणाला तरी तुमचा आराखडा तुमच्याकडेच असतो.